मुन्शीजींच्या अर्ज्या

अर्जी लिहून झाली की मुन्शीजी टाक कानावर ठेवायचे, कागद हातभर लांब धरायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. शेवटी चष्म्यावरून माझ्याकडे पाहायचे आणि विचारायचे, "समजलं काय बेटा?"

मी चौथी पास. त्यापुढं शिकले नाही. जी ओळ मला समजली नाही ती ते खोडायचे आणि दुसरी लिहायचे. एकेका अर्जीपायी तीन-तीन कागद वाया जायचे.

एकदा मी म्हटलं, "मुन्शीजी, अर्जी वाचणार साहेब. मले समजून काय फायदा?"

"साहेब हुशार असते बेटा. हुशार माणसाले कठीण लिहिलं की तो कठीणच उत्तर पाठवते. सोपं लिहिलं की त्याले नाही म्हणायले लाज वाटते."

आमचं गाव धाड या बाजारगावापासून दोन कोसांवर. तेव्हा गावाला रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, मुलींना शाळा नव्हती. मुन्शीजी उर्दू शाळेतून पेन्शनवर आले होते. त्यांचं घर आमच्या भाजीच्या मळ्याला लागून होतं. बांधावर बसून ते सरकारला लिहायचे. बुलढाण्याला लिहायचे, अमरावतीला लिहायचे, नागपूरलाही लिहायचे. शाळेला ग्रँट द्या, विहिरीत टाकायला औषध द्या, देवी काढणारा वेळेवर पाठवा. स्वतःसाठी त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही. पेन्शन उशिरा यायची तेव्हासुद्धा नाही.

अर्जी टपालात टाकायला ते बाजाराच्या दिवशी धाडला चालत जायचे, आणि जाताना ठेवणीतली शेरवानी घालायचे. माझा बाप थट्टा करायचा, "मुन्शीजी, टपालाच्या पेटीले काय समजते शेरवानी?"

"पेटीले नाही समजत, पाटील. मले समजते."

माझा बाप पाटील नव्हता, साधा माळी होता. पण मुन्शीजी सगळ्यांना पाटील म्हणायचे. त्यातही त्यांचं काही धोरण असेल. पाटील म्हटलेला माणूस मुलीला शाळेतून काढताना थोडा थांबायचा.

मुन्शीजींनी सुरू केलेल्या मुलींच्या वर्गाला ग्रँट मिळाली ती गोष्ट सांगते. डिप्टी साहेब तपासायला येणार होते. पंधरा मुली हजर दिसल्या तर ग्रँट, नाही तर नाही. आणि नेमकी तेव्हा मिरचीची तोडणी आली. वर्गात सात मुली. गावचे खरेखुरे पाटील म्हणाले, "मुन्शीजी, लहान पोट्टे हायेत, त्याइले परकर नेसवून बसवा. साहेब काय उचलून पाहते?"

मुन्शीजी म्हणाले, "साहेब नाही पाहणार. पण ते पोट्टे जन्मभर सांगतीन का मुन्शीनं आमाले परकर नेसवला."

साहेब आले तेव्हा मुन्शीजींनी सरळ सांगितलं, "सात हजर हायेत हुजूर. बाकीच्या मिरच्या तोडून राह्यल्या. चला, दाखवतो." आणि बूट घातलेल्या साहेबाला वावरात घेऊन आले. मी तिथं होते. साहेबानं मला सतराचा पाढा विचारला. मी सरीत उभी राहून म्हणायला लागले आणि मिरचीचा हात डोळ्याला लागला. सतरा सक्के एकशेदोनपर्यंत डोळ्यातून धारा. माझ्या शेजारी मुन्शीजींची मुलगी हाजरा होती. ती मला हसत होती. मग तिनंही डोळा चोळला.

ग्रँट मंजूर झाली. पाढ्यासाठी झाली की रडण्यासाठी, ते माहीत नाही.

प्रत्येक वेळी असं होत नसे. दोन वर्षं लिहून औषधांची पेटी मागितली, तर आला जगाचा नकाशा. मुन्शीजींनी तो भिंतीला लावला आणि आभाराचं पत्र लिहिलं. त्यात तिसऱ्या ओळीत पुन्हा पेटी मागितली. मला म्हणाले, "आभार मानल्याशिवाय दुसरं मागू नये. अन् मागितल्याशिवाय आभार वाया घालवू नये. समजलं काय?"

सगळ्यात जास्त अर्ज्या त्यांनी लिहिल्या त्या दाईसाठी. गावात शिकलेली दाई हवी, तिला हत्यारं हवीत, एक खोली हवी. त्यांची बायको हाजराच्या वेळी गेली होती. गावची म्हातारी सुईण विळ्यानं नाळ कापायची आणि वर राख लावायची. मुन्शीजी तिला कधी वाईट बोलले नाहीत. म्हणायचे, "तिले जे कोणी शिकवलं ते ती करते. शिकवणाराच नव्हता त्याले ती काय करीन?" पण त्या अर्ज्या वाचताना त्यांचा आवाज कागदावर राहत नसे. आत कुठं तरी जायचा.

किती वर्षं लिहिलं देव जाणे. मी मोठी झाले, गावातच माझं लग्न झालं, एक मुलगा झाला. हाजराला नांदुऱ्याला दिली. आणि एका वैशाखात मंजुरी आली. जिल्हा कौन्सिल एका बाईला सहा महिने बुलढाण्याच्या दवाखान्यात शिकवणार, राहण्या-जेवणाचा खर्च देणार, परत आल्यावर पेटी आणि पगार देणार. अट एवढीच, की बाई गावातली असावी, तिला लिहिता-वाचता यावं, आणि तिची राजीखुशी असावी.

आमच्या वर्गातून चौथी पास झालेल्या तिघी. एक जालन्याकडे दिली, हाजरा नांदुऱ्याला. उरले मी.

मुन्शीजी शेरवानी घालून आमच्या ओट्यावर आले. मी बाजारासाठी वांगी निवडत होते. सासू आत होती, पण तिचे कान बाहेर होते. त्यांनी कागद काढला, हातभर लांब धरला आणि वाचला. आमच्या गावची अमुक बाई, चौथी पास, राजीखुशीने बुलढाण्यास जाऊन दाईचे शिक्षण घेण्यास तयार आहे.

"समजलं काय बेटा?"

मला सगळं समजलं होतं. त्या कामाला आमच्याकडे हलकं समजत. नाळ कापणाऱ्या बाईला बारशाला बोलावतात, पण तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. आमच्या घरची सून ते काम करणार, आणि सहा महिने बुलढाण्यात परक्यांत राहणार. लोक सासूला म्हणाले असते, नवऱ्याला म्हणाले असते. पण मी त्यांच्यावर टाकत नाही. त्यांनी नाही म्हटलं असतं, पण मी त्यांना विचारलंच नाही.

मी म्हटलं, "नाही समजलं."

त्यांनी टाक कानावरून काढला. "राजीखुशीने" खोडलं. पुन्हा वाचलं.

"आता?"

"नाही."

मग त्यांनी सगळंच खोडलं. कागदाच्या खाली उरलेल्या जागेत तीन शब्द लिहिले. ही बाई जाईल. वाचून दाखवलं.

"आता समजलं काय?"

हातातल्या वांग्याला कीड नव्हती. तरी मी ते किडक्यांत टाकलं. म्हटलं, "नाही समजलं, मुन्शीजी."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग दौतीचं झाकण लावलं. म्हणाले, "मंग कागदच चुकला असन," आणि उठून गेले.

एवढं लिहून, एवढी वर्षं थांबून, त्यांनी मला दोष दिला नाही. कागदाला दिला.

ती जागा दुसऱ्या गावाला गेली.

पुढच्या वर्षी हाजरा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. एक दिवस मळ्यात आली, माझ्याजवळ बसली. म्हणाली, "अब्बा म्हणे का तू बुलढाण्याले जाणार होती."

"कोण म्हणे? मले काही माहीत नाही."

"मंग अब्बाइले सपन पडलं असन," असं म्हणून ती हसली आणि वेलावरची कोवळी काकडी तोडून खाऊ लागली. तिला माहीत होतं की नाही, ते मला अजून समजलेलं नाही.

तिच्या कळा बाजाराच्या दिवशी पहाटे सुरू झाल्या. गावातल्या बैलगाड्या धाडला गेलेल्या. म्हातारी सुईण आली. मला बोलावलं, का तर मी मैत्रीण. मूल आडवं होतं. सुईण जे येत होतं ते करत होती. मी हाजराचा हात धरून उभी होते. मला चौथीपर्यंतचं सगळं येत होतं. नकाशावर विलायत कुठं ते येत होतं. त्या खोलीत करण्यासारखं काहीच येत नव्हतं. हाजरा ओरडत नव्हती. मध्येच म्हणाली, "तू बोल ना काही." मी बोलले नाही.

दुपारी बाजारातून पहिली गाडी परतली. तीत भाजीच्या टोपल्या काढून तिला घातली आणि बुलढाण्याची वाट धरली. मुन्शीजी गाडीच्या बाजूनं चालत होते. अर्ध्या वाटेवर ती गेली. मूल पोटातच राहिलं. मुन्शीजींनी गाडीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फिरव पाटील. आता घाई नाही."

चाळीस दिवस झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवर नकाशा तसाच होता. मी म्हटलं, "मुन्शीजी, तो कागद काढा."

"तो खलास झाला. नवी अर्जी टाका लागते."

"मंग टाका."

त्यांनी मला घरच्यांविषयी विचारलं नाही. दौत काढली आणि लिहिलं. हातभर लांब धरून वाचलं. अर्जी सोपी होती, कुठंही अडली नाही. वाचून झाल्यावर मी वाट पाहिली. त्यांनी काही विचारलं नाही. कागदाची घडी घालायला लागले.

मी आपणहून म्हटलं, "समजलं, मुन्शीजी."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानंतरही त्यांनी अर्ज्या लिहिल्या, मला वाचूनही दाखवल्या. पण तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. आणि धाडला जाताना शेरवानीही घातली नाही.

मी घरी सांगितलं की मी जाणार. सासू दोन महिने बोलली नाही. काही लोकांनी आमच्या घरचं पाणी सोडलं. त्यानं कोणी मेलं नाही. मेली ती हाजरा.

अर्जीला उत्तर यायला दोन वर्षं लागली. मधल्या थंडीत मुन्शीजींना खोकल्यानं धरलं आणि नेलं. लखोटा त्यांच्या नावानं आला. घर बंद होतं म्हणून टपालवाल्यानं तो आमच्याकडे दिला. मी बांधावर बसून मोठ्यानं वाचला. साहेबाचं लिहिणं कठीण होतं. निम्मं मला समजलं नाही, आणि खोडून सोपं करायला कोणी नव्हतं. मंजूर हा शब्द तेवढा कळला.

बुलढाण्याच्या दवाखान्यात आम्ही आठ बाया होतो. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात कसे धुवायचे ते दाखवलं. कात्री उकळत्या पाण्यात घालून दाखवली. नाळ दोन ठिकाणी कशी बांधायची आणि मध्ये कशी कापायची, ते दोरीचा तुकडा घेऊन दाखवलं. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "समजलं का?"

सगळ्या बाया हो म्हणाल्या.

माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मला समजलं नाही असं त्यांना वाटलं असावं. त्या भल्या होत्या. त्यांनी दोरीचा दुसरा तुकडा घेतला, माझ्याजवळ आल्या, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.