उत्तरकुरूला निघालेल्या हेडबाई

आमच्या हेडबाईंइतका लांबचा प्रवास साऱ्या खानदेशात दुसऱ्या कोणी केला नसेल, आणि एवढा प्रवास करून रोज साडेदहाच्या ठोक्याला शाळेच्या दारात हजर असणारीही दुसरी कोणी नसेल. विंध्य त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर ओलांडला, वाळवंटात त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, घोड्याच्या तोंडाच्या किन्नरांच्या गावात त्या आठ दिवस पाहुण्या होत्या. आणि हे सगळं चाललेलं असताना शिरपूरची वेस ओलांडताना मी त्यांना वर्षातून दोनदासुद्धा पाहिलं नाही. हे मी खात्रीने सांगते, कारण या प्रवासात त्यांच्याबरोबर मी होते आणि सामानाची यादी माझ्याकडे होती.

मी तेव्हा शिरपूरच्या दवाखान्यात नर्स होते. मूळची कोकणातली, लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी विधवा झाले, पुण्याला सुईणपणाचं शिक्षण घेतलं आणि नोकरी मिळाली तिथे आले. हेडबाई इंदूरच्या. त्यांचा नवरा हयात होता, पण त्याने दुसरी बायको करून आणली त्या दिवशी बाईंनी एक ट्रंक भरली, आणि ती उतरवली ती थेट इथल्या मुलींच्या शाळेत. आम्ही दोघी घरमालकीण अक्कांकडे भाड्याने राहायचो, भिंतीला भिंत लागून. गावाने आम्हाला ठेवून घेतलं होतं, पण जवळ घेतलं नव्हतं. बाळंतपण अडलं की मला पळवत नेत आणि बाळ रडलं की तांब्या वरून ओतून ओंजळीत पाणी देत. हळदीकुंकवाला मला बोलवायचं नाही, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. बाईंना बोलवायचं की नाही हे कोणालाच ठरवता येईना, म्हणून त्यांनाही कोणी बोलवत नसे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांच्या सासुरवाशिणी मुली माहेरी आल्या, झाडाला झोके बांधले, गाणी सुरू झाली, आणि आम्ही दोघी ओट्याच्या दोन टोकांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खात बसलो होतो. तोवर आमचं बोलणं ‘नळ आला का’ आणि ‘शिंक आली वाटतं’ याच्या पलीकडे गेलं नव्हतं. बाई एकदम म्हणाल्या, “नर्सबाई, निघून जायचं का आपण?”

“कुठे?”

“उत्तरकुरूला. जुन्या पोथ्यांत आहे ना, हिमालयाच्या पलीकडे. तिथे बाई कोणाची कोण, असं कोणी पुसत नाही म्हणे.”

कोणीही शहाण्या माणसाने विचारलं असतं तेच मी विचारलं : “किती लांब, आणि बरोबर काय काय न्यायचं?” या बाईशी आपलं जमेल असं आपण त्याच क्षणी ठरवलं, असं त्यांनी पुढे मला सांगितलं. या बाईच्या हाती सामान द्यायचं नाही, असं त्याच क्षणी मी ठरवलं होतं.

अंतर त्यांनी ठरवलं, पाच हजार कोस. आमटीत मीठ टाकावं तसं, अंदाजाने. नियम मी केले. आम्ही दोघी दिवसभरात खरोखर जेवढं चालू, तेवढेच कोस वाटेत धरायचे. बैलगाडीत बसून कापलेलं अंतर धरायचं नाही. रोज दिवेलागणीला वहीत नोंद करायची आणि शिधा किती उरला ते लिहायचं. मला बाळंतपणासाठी खेड्यापाड्यांत जावं लागे, त्यामुळे आमचा प्रवास बराचसा गावातल्या गरोदर बायकांवर अवलंबून असे. पहिल्याच वैशाखात एवढी बाळंतपणं झाली की आम्ही महिन्याभरात सातपुडा मागे टाकला. न्यायला गाडी आली तरी मी तिच्यामागून चालत निघायची. गाडीवान वळून वळून बघायचा आणि शेवटी विचारायचा, “बाई, गाडीवर रुसन्यात का तुम्ही?”

हेडबाईंची शाळा मात्र घरापासून हाकेच्या अंतरावर. आपण माझ्या पायांवर फुकट चाललोय, हे त्यांना सहन होईना. मग त्या अक्कांच्या अंगणात तुळशीभोवती फेऱ्या घालू लागल्या. मी दोरीने अंगण मोजून दिलं. पन्नास फेऱ्यांना पाव कोस. शाळा सुटली की पदर खोचून, ओठांत फेऱ्या मोजत ही बाई गरागरा फिरायची. चौथ्या दिवशी अक्कांनी विचारलं, “बाई, हाऊ कोन्ता नवस शे?”

“नवस नाही अक्का. विंध्य ओलांडून राहिली आहे मी.”

“तो कोन्ता देव शे वं?”

बाईंनी समजावून सांगितलं असतं, तर गोष्ट तिथेच संपली असती. पण फेऱ्यांचा आकडा चुकेल म्हणून त्या गप्प राहिल्या. महिन्याभरात आळीतल्या पाच-सहा बायका त्यांच्या पाठोपाठ फिरू लागल्या. एकीचा संधिवात बरा झाला. एकीने येऊन त्यांच्या पाया पडायला वाकताच बाई मागे सरल्या आणि म्हणाल्या, “पाया नका पडू. चालायचं तर बरोबरीने चाला.” ते काही कोणाला जमलं नाही, बायका चार पावलं मागेच चालत राहिल्या.

आमची मैत्री होती असं म्हणताना मला अजून थोडा विचार करावा लागतो. बाईंना यादी म्हणजे अपमान वाटे. “नर्सबाई, तुमच्या आयुष्यात नवल नाही, नुसतं सामान आहे,” असं त्या तोंडावर म्हणत. “आणि तुमच्या आयुष्यात सामान नाही, म्हणून रोज नवल होतं,” असं मी म्हणे. त्या काडेपेटी कुठेही ठेवत, चष्मा तांदळाच्या डब्यात विसरत, आणि भाजीला फोडणी देता देता पुस्तक वाचत. आळीला जळका वास आला की बाईंनी नवं पुस्तक आणलं असं समजायचं. वाटेतही तसंच. मी बारा पट्ट्या आणि आयोडीनची बाटली मोजून घेतली होती. विंध्याच्या पलीकडे पोचेपर्यंत त्यातल्या नऊ त्यांनी वाटेतल्या ऋषींना, वानरांना आणि एका लंगड्या सिंहाला बांधल्या होत्या. सगळ्यात मोठं भांडण झालं ते खेचरावरून. एका संध्याकाळी वही उघडली तर बाई सहज म्हणाल्या, “खेचर काढून टाका यादीतून. एका किन्नरीला दिलं मी. तिचा पाय मुरगळला होता.”

“ते दोघींचं खेचर होतं,” मी म्हटलं.

“हो, पण पाय तिचा मुरगळला होता ना!”

“तिचं तोंडच घोड्याचं आहे, तिने चालावं!”

त्यावर त्या म्हणाल्या की माणसाचं तोंड बघून मदत करणारी नर्स त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मी वही मिटली. सतरा दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मिठाची वाटी भिंतीपलीकडून हवी असली तर अक्कांच्या हातून मागायची. अक्कांनी कारण विचारलं, आणि आम्ही दोघींनीही आपापल्या परीने, पण खरं तेच सांगितलं, की आमचं एक खेचर होतं ते बाईंनी देऊन टाकलं. अक्का बिचाऱ्या गोठ्यात जाऊन बघून आल्या.

या वहीनेच पुढे घात केला. निबंधाच्या वह्या तपासून बाईंनी गठ्ठा बांधला, त्यात आमची वही गेली, आणि ती गेली नेमकी शाळा कमिटीच्या अध्यक्षांच्या नातीच्या दप्तरात. अध्यक्षांना सगळे नाना म्हणत, आणि दवाखानाही त्यांच्याच हाताखाली होता. नानांनी वही वाचली. त्याच आठवड्यात कमिटीकडे इंदूरहून बाईंच्या नवऱ्याचं पत्र आलं होतं : माझी बायको घर टाकून आली आहे, तिला नोकरीतून काढून परत पाठवावं. आता पत्राशेजारी वही ठेवून बघा. दोर चाळीस हात. मीठ दोन शेर. काडेपेट्या एक डझन. सुरी. ‘पहिला मुक्काम सातपुडा. त्यानंतर मागे वळायचं नाही.’ ‘घाटातल्या यक्षाला द्यायला तपकिरीची डबी.’ माझ्या याद्या कधी कच्च्या नसत, आणि तोच माझा गुन्हा ठरला. बाईंनी लिहिलं असतं तर कोणी गोष्ट म्हणून सोडून दिलं असतं. माझं वाचून कमिटीची खात्री झाली की दोन बायका पळून जाणार आहेत, कदाचित शाळेतल्या मुलींना घेऊन.

आम्हाला दुपारी शाळेत बोलावलं. कमिटीचे पाचजण खुर्च्यांवर बसले होते, आम्ही उभ्या होतो, आणि दाराशी अक्का. बोलावलं नसताना आल्या होत्या.

“हा यक्ष कोण?” नानांनी विचारलं. “कुठल्या गावचा? जातीने कोण?”

“घाटातला रखवालदार आहे,” बाई म्हणाल्या. “जात विचारली नाही मी.”

“मन्हा घरमा शेतस त्या दोन्ही,” अक्का दारातून ओरडल्या. “कोठे बी जातस नही! नुसत्या फिरतस!”

नानांनी अक्कांना गप्प केलं, आणि मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. “नर्सबाई, तुमचं काम आम्ही जाणतो. हे खूळ बाईंचं, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, तुम्ही फक्त त्या सांगतील ते उतरवून घेतलंत, एवढं सांगा. तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही.”

मी सगळं मांडून पाहिलं. मला ती सवयच आहे. हो म्हटलं तर माझी खोली, माझा दवाखाना, माझं नाव जिथल्या तिथे राहणार होतं. बाई वेड्या ठरून इंदूरला जाणार होत्या, दुसऱ्या बायकोच्या हाताखाली. नाही म्हटलं तर आम्ही दोघीही रस्त्यावर. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीतून लांबचा सातपुडा दिसतो, तिकडे बघत होत्या. आणि मला कळलं की मी हो म्हणणार हे त्यांनी धरूनच ठेवलं आहे.

“वही माझी आहे,” मी म्हटलं. “अक्षर माझं आहे. आणि प्रवास दोघींचा आहे. त्यातले चारात तीन कोस तर माझेच आहेत. बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असेल, तर माझ्या पायांवर आधी झालाय. लिहा तसं.”

कोणी काही लिहिलं नाही. बाई खिडकीकडून वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, जणू सिंहाच्या पायाला पट्टी मीच बांधली होती. मग त्यांनी नानांना विचारलं, “इंदूरला त्यांची धाकटी बायको आजारी आहे का हो?”

नानांनी पत्र चाळलं. तसं त्यात होतं.

“म्हणजे त्यांना बायको नको आहे, नर्स हवी आहे. नर्स ही उभी आहे. न्यायची तर विचारा हिला.”

“मी जाणार नाही,” मी म्हटलं.

“पाहा!” बाई म्हणाल्या. “ही जात नाही, मी तर मुळीच जात नाही. काढायचं तर काढा मला. उद्या झाडाखाली वर्ग भरवीन. आणि वही परत द्या, आज नोंद राहिली आहे.”

कमिटीने ठराव केला. तो असा, की हेडबाईंना कमी करावं, मात्र त्यांच्या जागी नवीन बाई मिळेपर्यंत त्यांनी काम पाहावं. जाहिरात दिली. ज्या बायांची उत्तरं आली त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गावात आगगाडी येते का. आणि येत नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न विचारलाच नाही. अशा रीतीने कामावरून कमी केलेल्या हेडबाईंनी पुढे सहा वर्षं शाळा चालवली. नाना बाजारात भेटले की घसा खाकरून विचारत, “काय, कुठवर पोचलात?” एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, “नर्सबाई, चाळीस हात दोर पुरायचा नाही. माझ्या विहिरीलाच साठ लागतो.” मी यादीत दुरुस्ती केली.

लढाईच्या दिवसांत एक तरुण बाई खरंच आली. आगगाडी नाही, हे तिला चालत होतं. शाळेने शाल-नारळ द्यायचं ठरवलं, तर हेडबाईंनी नकार दिला. “निरोप घेतला की गेल्यासारखं होतं,” म्हणाल्या. धुळ्याला प्रौढ बायकांचा वर्ग काढायचा त्यांनी ठरवलं होतं. कोणाच्या कमिटीखाली नाही, स्वतःच्या नावाने. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीत ट्रंक चढवून मी खाली उतरले, तेव्हा उत्तरकुरू अकरा कोसांवर राहिलं होतं. शेवटच्या महिन्यात बाईंनी अंगणात एकही फेरी घातली नव्हती. मी दोनदा विचारलं, दोनदा गुडघा दुखतो म्हणाल्या. मोटार सुरू होता होता खिडकीतून म्हणाल्या, “अकराच राहिले आहेत. तुम्ही व्हा पुढे.”

याला आता तीन वर्षं होत आली. त्यांची पत्रं येतात. वर्गात सोळा बायका आहेत, काडेपेटी सापडत नाही, गुडघा बरा आहे. मी अजून बाळंतपणांना जाते, अजून गाडीमागून चालते. अकरा कोस माझे चार दिवसांत होतात. पण संध्याकाळी वही काढते आणि त्या दिवसाचं चालणं लिहीत नाही, तशीच मिटते. वाट मला माहीत आहे, शिधाही पुरेसा आहे. एकटीने पोचून तिथे करायचं काय, एवढं मात्र अजून ठरलेलं नाही.