आईनं गुडाखू कशासाठी सोडला

आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या हिवाळ्यात माझ्या आईनं गुडाखू सोडला. गुळात कालवलेल्या तंबाखूचा हा काळा लगदा ती लग्नाआधीपासून हिरड्यांना घाशी. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला होता. तिखट खाल्लं की डोळ्यांतून पाणी येई.

सिंदेवाहीच्या दवाखान्यातला डॉक्टर पुण्याकडचा, तरुण होता. पहिल्या खेपेला त्यानं तिला रांगेतल्या सगळ्यांसमोर झापलं. "घाणेरडं व्यसन आहे हे. कॅन्सर होईल, मग माझ्याकडे येऊ नका." आई बाहेर आली, पायरीवर बसली आणि त्याला दिसेल अशी गुडाखू घासत राहिली. त्यानंतर तिचं घासणं वाढलं.

शेजारच्या गावात एक तरुण विधवा होती. आई गेली की तिच्याशी पाट लावतो, असा शब्द वडिलांनी तिच्या भावाला दिला होता. वडिलांनी हे कधी कबूल केलं नाही. आईला ते आत्यानं विहिरीवर सांगितलं. "माहा भाऊ म्हणे, वयनी काही हा उन्हाळा काढत नाई."

पुन्हा सिंदेवाहीला गेलो तेव्हा गाडी वडीलच हाकत होते. डॉक्टरनं या वेळी दार लोटून घेतलं. "मागच्या वेळी मी चुकलो, बाई," तो म्हणाला. "मुलांसाठी तरी सोडाल का?"

"लेकरं मोठे झाले. त्यायचं ते पाह्यतेत."

"मग जगायचं कशासाठी?"

आईनं खिडकीबाहेर बोट दाखवलं. वडील बैलांना तणस टाकत होते.

"त्या बुढ्यासाठी. त्यानं दुसरी पाहून ठेवली. मी मेली का तो तिले घरात आणते. मले नाई मराचं."

डॉक्टरनंही खिडकीबाहेर पाहिलं. "चालेल," तो म्हणाला. "गुडाखूच्या डबीची आठवण आली की त्यांच्याकडे बघा."

"पाह्यते ना! चांगली डोळे भरून पाह्यते."

दुसऱ्या सकाळपासून ती अंगणात, वडिलांच्या खाटेसमोर बसून कडुनिंबाची काडी चावू लागली. थुंकून झालं की ओरडे, "उठा जी, जित्ती हाओ मी!" सुरुवातीला तिचं डोकं दुखे, घरातल्या सगळ्यांवर ती चिडे. वडिलांवर चिडत नसे. त्यांच्याकडे पाहून हसे.

वडिलांनी जन्मात तिच्यासाठी डबी आणली नव्हती. त्या आठवड्याच्या बाजारातून त्यांनी नवी डबी आणून चुलीजवळ ठेवली.

"घे. जीवाले त्रास काऊन देऊन राह्यली?"

"तुम्हीच घासा, नवरदेव! तुमचे दात चमकले पायजेत."

डबी शेणखताच्या खड्ड्यात गेली. पुढच्या बाजारातून त्यांनी दुसरी आणली. तीही तिथेच गेली.

उन्हाळा लागला तेव्हा डॉक्टरनं बॅटरीच्या उजेडात तिचा गाल तपासला. चट्टा लहान आणि फिकट झाला होता.

त्या विधवेचा भाऊ वाट पाहून थकला. वैशाखात तिचा पाट मूल गावाकडच्या एका शेतकऱ्याशी लागला. आई बोलावणं नसताना गेली. वडिलांनी नको म्हटलं, तरी त्यांना सोबत नेलं. नवरीला लुगडं तिनं त्यांच्याच हातून द्यायला लावलं. मग ती त्यांच्या शेजारी पंगतीत बसली आणि पोटभर जेवली.