मागून सुषमा येतेय!

खाणीच्या ट्रकाच्या मडगार्डाखाली लाल चिखल साचतो ना, तसे हे किस्से माझ्याकडे साचलेत. वेळच्या वेळी खरवडला नाही तर चाक फिरायचं बंद होतं. म्हणून आज खरवडायला बसलो. शाळा मी चौथीत सोडली. ज्याला माझं शुद्धलेखन तपासायचं असेल त्यानं आपल्या पोराची वही तपासावी.

जन्मभर शिरगावच्या खाणीवर ट्रक चालवला. खाण बंद पडली, ट्रक गेला, आता जवळ एक पिकअप आणि दोन दुखरे गुडघे उरलेत. डिचोलीच्या सायकलवाल्या मंडळींना रविवारी सकाळी सायकली मोपाच्या पठारावर न्यायला पिकअप लागते. पिकअप जाते म्हणून मी जातो.

तिथं ते टाईम ट्रायल खेळतात. म्हणजे एकट्यानंच पळायचं, घड्याळाशी. एकाला सोडला की मिनिटभरानं दुसऱ्याला सोडायचा. पुढच्याच्या आडोशाला लागून वारा चुकवायचा नाही. मागून येऊन कुणी गाठलं तर काही दंड नाही, फक्त अब्रू जाते.

आमच्या गजाननला तेवढीच भीती. गजाननचं डिचोलीच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे, पोट आहे, आणि सुषमा नावाची बायको आहे. ती मये गावच्या शाळेत मराठी शिकवते. पोट उतरावं म्हणून सायकल घेतली गजाननं, आणि उतरलं सुषमाचं वजन! शर्यतीत ती बरोब्बर त्याच्या मागून मिनिटभरानं सुटते. एक दिवस ही आपल्याला गाठणार, ह्या धास्तीनं तो सामान विकत घेत सुटलाय.

* * *

माझं काम सीट धरायचं. ह्यांचे बूट पेडलात अडकतात, त्यामुळे सुटताना पाय टेकता येत नाही. मागून कुणीतरी सीट धरून उभं राहायचं आणि वेळ झाली की सोडायचं.

पहिल्या दिवशी मी गजाननची सीट धरली. दातांचा एक डॉक्टर आमच्यात आहे, घड्याळ त्याच्या हातात असतं. त्यानं मोजलं, "तीन, दोन, एक, गो!"

आता आमच्याकडे 'गो' म्हणून बाईला हाक मारतात. मी मागं वळून बघितलं, कोण बाई आली म्हणून. गजानन पेडल मारतोय, सायकल जागच्या जागी कण्हतेय.

"काका, सोडा!"

"थांब रे! डॉक्टर कोणाक तरी उलो मारता!"

"काकाऽऽ, सोडा!"

मागं सुषमा लाईनीत उभी. ती म्हणाली, "राहू दे काका, धरून ठेवा. माझं मिनिट झालं की दोघांना एकदम सोडा."

* * *

मग गजाननं हेल्मेट आणलं. मागं लांब शेपटी असलेलं. माडाची होडीसारखी पोय उपडी करून डोक्यावर घातल्यासारखं दिसायचं. डॉक्टर म्हणाला, वारा डोक्यावरून सरकतो, शेपटीवरून जातो, माणूस बाणासारखा सुटतो. फक्त मान खाली ठेवायची, शेपटी पाठीला टेकली पाहिजे.

शर्यत झाली. गजाननचा टाईम होता तिथंच.

डॉक्टर म्हणाला, "अरे, तू दर वळणाला मागं बघतोस! शेपटी आडवी होते, सगळा वारा त्यात अडकतो!"

"मागं बघल्याबगर ती खंय पावली ता कसा कळतला?"

मी म्हटलं, ट्रकाला आरसा असतो, तू पण लाव. मी चेष्टेनं बोललो. पुढच्या रविवारी बघतो तर त्या महागड्या सायकलच्या हँडलाला गजाननं दुकानातला गोल आरसा नटबोल्टानं आवळून आणलेला! डॉक्टरनं कपाळ धरलं. म्हणाला, "एवढं हेल्मेट घेतलंस वारा कापायला, आणि पुढं ताट बांधलंस?"

गजानन म्हणाला, "डॉक्टर, वारो माका घटस्फोट दिवचो ना."

* * *

विश्रामचं वेगळंच. हा पेडण्याचा, विमानतळावर लोकांच्या बॅगा वजन करून चढवतो, तेव्हा वजनाचं खूळ डोक्यात. गजाननच्या दुकानात खिळे जोखायच्या काट्यावर त्यानं सायकलचा एकेक भाग जोखला. घंटा काढली, पाण्याच्या बाटलीचा पिंजरा काढला, सीटखालची दांडी कापली, हँडलाच्या रबरी टोप्यासुद्धा काढल्या. गिऱ्हाईक खिळ्यांसाठी ताटकळत उभं, आणि काट्यावर विश्रामचं पेडल!

रविवारी हा सायकलवर बसला तर पाठीवर, जर्सीच्या खिशात, हा एवढा गोळा.

डॉक्टर म्हणाला, "ते काय?"

"नारळ. आवशीन दिल्यान. वाटेर सातेरीच्या देवळात ठेव म्हणान. देऊळ उघडूक नाशिल्लां."

"मग पिकअपमध्ये ठेव की!"

"देवाचो नारळ काकांच्या ग्रीसच्या डब्याकडे ठेवू?"

गेला तसाच. अख्खी शर्यत नारळ पाठीवर घेऊन मारली. आणि गंमत बघा, त्या दिवशी त्याचा टाईम कधी नव्हे इतका चांगला आला! डॉक्टर कागदावर वाऱ्याचे बाण काढत बसला, पाठीचा आकार, हवेचा झोत, काय काय. त्याचं काही ठरलं नाही.

पुढच्या रविवारी गजाननच्या खिशात दोन नारळ.

* * *

अंगाला चिकटणारा एकसंध कपडा असतो, वर-खाली एकच, चेन मागं. गजाननं तो मागवला. दुकानदारानं मापं विचारली तेव्हा ह्यानं लग्नातली सांगितली.

चेन लावायला मी आणि विश्राम दोघं लागलो. एकानं दोन्ही बाजू ओढून धरायच्या, दुसऱ्यानं चेन वर न्यायची. मानेपर्यंत नेली, गजानन तांबडा झाला, आणि म्हणाला, "काका, माका एक नंबराक जावचा आसा."

चेन खाली येईना. अडकली ती अडकली. त्याचा नंबर लागायला थोडाच वेळ. विश्राम म्हणाला, कापूया. गजानन म्हणाला, हात लावशीत तर बघ! शेवटी सुषमाकडे गेला, केविलवाणा, पाय एकमेकांवर घासत.

तिनं चेन बघितली. त्याला बघितलं. म्हणाली, "आता नको. आज तुम्ही घाईत जाल."

त्या दिवशी खरंच ती त्याच्या जवळपाससुद्धा आली नाही. असा पळाला!

* * *

आता ह्यातला मूर्खपणा मला दिसत होता, त्याला दिसत नव्हता. गजाननं नवं काही आणलं की जुनं कुणाला? सुषमाला! जुनी सायकल तिला, जुनी चाकं तिला, कोपर टेकून पुढं धरायच्या दांड्या तिला. हा नव्या हेल्मेटात गेला, जुनं तिच्या डोक्यावर. दर वेळी हा थोडा पुढं सरकायचा आणि ती त्याच्या पाठोपाठ सरकायची. आरशात दर रविवारी आणखी मोठी दिसायला लागली.

मी म्हटलं, "गजा, दारूगोळा तूच पुरवतोस तिला."

"मग जुना सामान घरात खंय ठेवू? माळ्यार जागो ना!"

सुषमाला म्हटलं, तुझी चंगळ आहे बाई. ती म्हणाली, "काका, सासूबाईंच्या पाटल्या अजून मिळायच्यात. ह्यांचं सामान मात्र गरम असतानाच येतं!"

* * *

शेवटी गजाननं डिस्कचं चाक आणलं. मागचं चाक, आऱ्या नाहीत, सगळं बंद, मोठ्या काळ्या ताटासारखं. चाललं की ढोलासारखं घुमतं. डॉक्टर म्हणाला वेग वाढेल. विश्राम म्हणाला पठारावर आडवा वारा असतो, चाक पतंगासारखं उडेल. गजाननची झोप उडाली. कारण गेल्या वेळी सुषमा इतकी जवळ आली होती की तिच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू आला होता.

त्यानं ठरवलं, देवालाच विचारायचं. गावच्या देवळात कौल लावला. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतात, उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही.

गाऱ्हाणं घालायच्या आधी गजानन गुरवाच्या कानात म्हणाला, "बायल फुडे जावक नये, असां सांग."

गुरव खेकसला, "देवाक असां सांगतत? देवी बाजूक बसल्या!"

मग त्यानं आपल्याच मनानं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या चाकान ह्येच्या घराचो मान वाढांदी!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

सगळे पाकळ्यांकडे डोळे लावून बसलो. गजाननचा घाम मूर्तीच्या पाण्यापेक्षा जास्त गळत होता. आणि पडली! गुरव ओरडला, "उजवीऽ!" आमचे सगळ्यांचे हात कपाळाला. लहानपणापासून तेच, ती हाक आली की हात आपोआप जुळतात.

रविवारी मोपाला डॉक्टरनं नवा नियम सांगितला. कुणाला ओलांडताना आधी 'राईट' म्हणून ओरडायचं, म्हणजे पुढचा डाव्या बाजूला राहतो. विश्राम म्हणाला, राईट म्हटलं की आमच्याकडे बस सुटते. सुषमा म्हणाली, "मी बाई मराठीत सांगेन."

त्या दिवशी सीट धरायला दुसरा कोण तरी होता. मी झेंडा आणि एक जादा घड्याळ घेऊन पठाराच्या मध्यावर उभा होतो, कुणी गुरं रस्त्यावर आणू नयेत आणि मधला टाईम टिपावा म्हणून. आधी चाकाचा ढोल ऐकू आला. मग गजानन दिसला. मान खाली, कोपरं टेकलेली, दोन्ही हात पुढच्या दांड्यांवर जवळजवळ. शपथेवर सांगतो, इतका सुंदर चालताना मी त्याला कधी बघितला नव्हता.

त्याच्या मागून सुषमा येत होती. जवळ आली. आणखी जवळ आली. गजाननच्या चाकाच्या घुमण्यात त्याला काही कळलं नसावं. ती रस्त्याच्या मधोमध सरकली आणि वर्गात मुलांना दरडावते तशी खणखणीत ओरडली,

"उजवीऽऽ!"

गजाननचे दोन्ही हात दांड्यांवरून सुटले, जुळले आणि कपाळाला गेले.

सायकल सरळ रस्ता सोडून गवतात. पेडलात बूट अडकलेले, त्यामुळे माणूस आणि सायकल एकत्रच आडवे झाले. मी धावलो, माझे गुडघे काय धावतात! तोवर सुषमानं करकचून ब्रेक मारला होता, एक पाय टेकून मागं बघत होती. तोंड पांढरं पडलेलं.

"अहो! लागलं?"

गवतात गजानन उताणा. हेल्मेटाची शेपटी मातीत रुतलेली, एक चाक वर अजून घुमतंय. त्यानं आपल्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"थांबलंस कित्याक गो?" तो ओरडला. "जा! जा मगो!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी झेंडा वर केला. ती पेडलावर उभी राहिली आणि गेली.

मी त्याला उठवायला हात दिला. त्यानं तो झिडकारला.

"माका रवांदी. आधी घड्याळ बघा, काका! तिचो टायम चुकात!"