पोरीच्या कार्डापायी आसगाव ते नागपूर

लोकं काश्मीरले जातेत, कोकणात जातेत, मंग फोटू टाकतेत. मी पोरीच्या पोटातल्या लेकराचा डीएनए तपासाले नागपूरले गेली. तिथं फोटू काढू देत नाईत, म्हून लिवून राहिली.

जायाचं ठरलं एका कार्डापायी. माही पोरगी सुषमा गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनाच्या गावात देल्ली. जावई धरणात मासोळ्या धरते. चौथा महिना लागला म्हून ती माहेरी आली, तं आमच्या आसगावच्या सिस्टरबाईनं तिचं सिकलसेलचं कार्ड पाह्यलं. सिकलसेल म्हणजे रक्तातला गोल दाणा इळ्यासारखा वाकडा होते. ज्याले पूर्ण आहे त्याले जन्मभर दुखते. अर्धा असंन तं काई होत नाई, पण लेकराले देता येते. मायबाप दोघंबी अर्धे असले तं लेकरू पूर्ण निंघू शकते. जावई अर्धा. सुषमाच्या कार्डावर लिवलेलं, नॉर्मल.

सारे खूश. मी नाई. आमचे हे जन्मभर हातपाय धरून कण्हले. गावानं वात सांगतला, मी तेल चोळलं. शेवटच्या वर्षी मोठ्या डॉक्टरनं सांगतलं का सिकलसेल आहे, तोबी पूर्ण. सिस्टरबाई म्हणे, बापाले पूर्ण असंन तं पोरीले अर्धा येतेच, टळत नाई. म्हणजे कार्ड खरं धरलं तं सुषमा ह्यांची नाई, आन् ह्यांची धरली तं कार्ड खोटं. सरकारनं घरपोच अब्रू तपासून देल्ली, तेबी फुकट.

सुषमाची सासू, माही इहीनबाई, फोनवर लई गोड बोलली.

"कार्ड सरकारचं आहे, इहीनबाई. तुमीच जरा आठवून पाहा."

"तुमी संगं चला," मी म्हटलं. "डॉक्टरपुढं बसून आठवू."

पहिला मुक्काम भंडारा. पवनीहून सकाळची यष्टी पकडा. बायायले अर्धं तिकीट आहे. डाव्या खिडकीत बसा, उजवीकडून ऊन येते. संगं पोटुशी बाई असंन तं तिच्याखाली चादरीची घडी ठेवा, रस्ता मधूनमधून आहे. इहीनबाई आन् जावई पवनीलेच भेटले. जावयानं माह्यासाठी सुके झिंगे आणले होते, किलोभर, कापडी पिशवीत. यष्टीत आमच्या मागची सीट अड्याळपर्यंत रिकामी झाली. लेकरू माणूस आहे, हौसेनं आणले. मी पिशवी मांडीवर घेतली.

भंडाऱ्याले स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ले. मंग दवाखाना. इथं चार खिडक्या आहेत आन् चौघीबी पाचवीकडं धाडतेत. पण झिंग्याच्या पिशवीनं रांग आपोआप पातळ झाली. ज्याले लवकर नंबर पायजे त्यानं घेऊन जावं.

सुषमाचं रक्त मशीनले लावलं. दुपारी पोरगा कागद घेऊन आला. अर्धा. त्यानं जुनं कार्ड उलटंपालटं करून पाह्यलं आन् म्हणे, हे रक्त या बाईचं नोयच.

कार्ड सासरच्या गावच्या शिबिरातलं, म्हून जावयानं तिथूनच बहिणीले फोन लावला. पिंकी म्हणजे सुषमाची नणंद, लग्नाची आहे, लई कामाची पोरगी. तिनं सरळ सांगतलं. गावात शिबिर होतं त्या दिवशी वहिनी माहेरी. यादीत वहिनीच्या नावापुढं खाली राह्यलं असतं, म्हून हिनं आपलं रक्त देल्लं.

"साऱ्यायचं राशन मीच आणतो नं दादा," ती म्हणे. "मंग हे काहून नाई चालत?"

इहीनबाई पंख्याकडं पाहून राहिली होती. पंखा बंद होता.

"आठवलं काय वो, इहीनबाई?" मी विचारलं.

जिंकली मी. पाच मिनिटं लई बरं वाटलं. मंग डॉक्टरीणबाईनं सुषमाले जवळ बसवलं, कागदावर चार गोल काढले आन् त्यातला एक पूर्ण काळा केला. चारातून एक पूर्ण निंघू शकते, असं म्हणे. उद्याच नागपूरले जा, उशीर नोका करू.

तवा सुषमा मले म्हणाली, "माय, बाबासारखं झालं तं?"

गावात मले कोणी उत्तरात हरवत नाई. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

नागपूरले दवाखान्याजवळच्या धरमशाळेत राहा. स्वस्त आहे, पाणी सकाळीच भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सुषमाच्या पोटात सुई घालून लेकराभवतालचं पाणी काढलं, त्यातून लेकराचा डीएनए पाहतेत. टेस्टले पैसा नाई लागला, चहाले लागला. मुलगा का मुलगी विचारू नका, असा भिंतभर बोर्ड. इहीनबाईनं त्याच्याखाली उभी राहून विचारलं. डॉक्टरनं बोट वर केलं. तिनं वर पाह्यलं, तं बोर्ड.

रिपोर्ट फोनवर सांगू म्हणे, म्हून घरी आलो. दोन हप्ते फोन वाजला का सुषमा भाताचा हात तसाच ठेवून पाहे. चुलीपाशी बसली का मी उगाच तिचे पाय चोळून देओ. दुखत नवते तिचे. माही सवय.

मंग नागपूरचा फोन आला. लेकरू अर्धं. पूर्ण नाई. जावई फोनवर रडला आन् लगेच म्हणे, माय, झिंगे आणखी आणू काय.

सरकारच्या कम्प्युटरात सुषमा आजबी नॉर्मलच आहे. खोडाले फारम भरला, कम्प्युटर म्हणते या बाईची तपासणी झाली. पिंकी आता आपल्या नावानं रक्त द्याले गेली, तं रांगेतून मले फोन. काकू, तुमचंबी देऊन टाकू काय?

घरी ह्यांचं काय राह्यलं म्हणसान, तं कपडे मी कवाच वाटून टाकले, एक तेलाची शिशी होती तेबी सरली. मले वाटे, झालं, ह्यांचं आता काई उरलं नाई. आता इहीनबाई म्हणते, लेकरातला अर्धा आमच्या पोराकडून आला. मी म्हणतो, आमच्या ह्यांच्याकडून. रोज फोनवर भांडण. जन्मभर ज्या दुखण्याले कोणी हात लावाले तयार नवतं, त्याच्यासाठी दोन म्हाताऱ्या भांडून राहिल्या. मी काई सोडत नाई.