तिघांत एक पुस्तक

माझी आत्या तिसरीच्या वर्गाला शिकवते. वस्तीतली सरकारी शाळा. खोली एक, मुलं एकेचाळीस आणि पुस्तकं चौदा. आत्याने डोकं लढवलं: तिघांत एक पुस्तक. बाकावर दोघंच मावतात, म्हणून तिसऱ्याला समोर, फळ्याकडे पाठ करून, उपड्या डब्यावर बसवलं. या व्यवस्थेचं तिला कोण कौतुक! आम्हाला घरी चार वेळा ऐकून घ्यावं लागलं.

तशी ती तापट. खडू तुटला तर खडूवर डाफरते. पण मुलांवर जीव इतका, की सुट्टीच्या दिवशी तिला घरात करमत नाही.

यंदा तिचा जीव अडकला होता इस्त्रीवाल्याच्या धाकटीत. पोरगी चुणचुणीत, तोंडी हिशेबात पटाईत. पण टेबलाजवळ बोलावून पुस्तक हातात दिलं, की मूग गिळून गप्प. वर्ष संपत आलं होतं. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना त्याच वर्गात ठेवायचं होतं. मुख्याध्यापकांनी शनिवारपर्यंत यादी मागितली होती. आत्याने जड हाताने एकच नाव लिहिलं, धाकटीचं.

शुक्रवारी आत्या टेबलाशी बसून न शिकवलेला धडा चाळत होती. धाकटी वह्या द्यायला आली, टेबलापलीकडे उभी राहिली आणि तो धडा घडाघडा वाचायला लागली. आत्या उडालीच. पोरीला नीट दिसावं म्हणून तिने पुस्तक तिच्याकडे फिरवलं. धाकटी गप्प. पुन्हा होतं तसं ठेवलं. पुन्हा घडाघडा!

तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डब्यावरची बाकीची मुलं भांडून जागा बदलून घेत होती. ही भिडस्त, वर्षभर तिथेच बसली आणि पलीकडून दिसलं तसं उलटं वाचायला शिकली.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, माझं असंच असतं. तुम्हीच बसवलंत ना तिथे, बाई?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलंच माझं," ती सगळ्या वर्गादेखत म्हणाली, आणि यादी टराटरा फाडली. मग धाकटीला आपल्या खुर्चीवर बसवून स्वतः टेबलापलीकडे जाऊन उभी राहिली.

"आता तू सरळ वाच, मी उलटं वाचते."

दोघीही अडखळत होत्या. आत्या जरा जास्तच.