लाल बटणावरची तिरकी रेघ

नाशिकमधलं कुठलंही पॅनेल मी डोळे झाकून जोडू शकतो. डोळे उघडे ठेवून जोडलेली काही मात्र गिऱ्हाइकांनी परत आणून दिलीत.

पॅनेल म्हणजे कारखान्यात भिंतीला टेकून उभं असतं ते लोखंडी कपाट. बाहेर लाल-हिरवी बटणं, आत वायरींच्या शेवया. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे, तिथं मी ही कपाटं जोडतो. शाळेत चौथीपर्यंत होतो. पुढं शाळेनंच हात जोडले. त्यामुळे अक्षरं मला लांबून ओळखतात, जवळ येऊन बोलत नाहीत. पण चित्राचं तसं नाही. कुठली वायर कुठून निघून कुठं जाते याचं चित्र समोर ठेवा, मी त्यात असा फिरतो जसा काय आमच्याच गल्लीत भाजी आणायला निघालोय.

हल्ली पॅनेलच्या आत एक छोटा डबा बसवतात. बटण दाबल्यावर कुठली मोटर चालवायची, कधी थांबवायची, हे तो डबा ठरवतो. पण डबा जन्मतः ढ असतो, त्याला लॅपटॉपवरून शिकवावं लागतं. माझी सून डिप्लोमा झालेली आहे, ती डब्यांना शिकवते. मला शिकवायचा नाद तिनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सोडला.

डब्याला शिकवायच्या दोन तऱ्हा. एक चित्राची. दोन उभ्या रेघा मारायच्या, मध्ये आडव्या पायऱ्या, पायरीवर एकीकडं बटणं आणि दुसऱ्या टोकाला मोटर. शिडीसारखं दिसतं म्हणून त्याला लॅडर म्हणतात. दुसरी तऱ्हा लिहायची. इंग्रजीत ओळीखाली ओळ, जर असं झालं तर तसं कर, संपलं. सुनेला लिहायचं आवडतं. मी एकदा तिच्या मागं उभा राहून स्क्रीन बघितली. मला दोनच शब्द लागले, वर ‘इफ’ आणि खाली ‘एंड इफ’.

“म्हणजे सुरुवातीला पण जर आणि शेवटी पण जर?” मी म्हणालो. “माझ्या लग्नाची बोलणी अशीच झाली होती.”

ती हसली. घरात माझ्या विनोदाला हसणारी ती एकटीच. आमची ही तर मी तोंड उघडलं की मिक्सर लावते.

सुनेनं नोकरी सोडून स्वतःचं काम धरलं, त्यातलं पहिलं काम दिंडोरीच्या बाजूला, एका बागायतदाराच्या पॅकहाऊसमध्ये. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. द्राक्षाच्या क्रेट बेल्टवरून येणार, दोन्ही बाजूला बाया बसून घड साफ करणार, पुढं वजन होणार, हलकी पेटी बाजूला सरकणार, बाकीच्या मोजल्या जाणार. पॅनेल माझं, डोकं तिचं. हे नीट चाललं तर अण्णा बाकीचे बेल्टही तिलाच देणार होते. नाही चाललं तर चाकणच्या एका कंपनीचं बोलावणं येऊन पडलं होतं, ते घ्यावं लागणार. म्हणजे ती तिकडं राहणार आणि आठवड्यातून एकदा घरी येणार. ते तिला नको होतं. मला तर मुळीच नको होतं, मिक्सरसमोर विनोद किती करणार.

तोडणी सुरू व्हायच्या थोडं आधी आम्ही अण्णांना काम दाखवायला गेलो. अण्णांनी चष्मा लावला, लॅपटॉपमध्ये बघितलं आणि चष्मा काढला.

“ताई, हे काय हाय?”

“प्रोग्रॅम आहे अण्णा.”

“मला पोथी वाटली. उद्या माल चालू असताना बेल्ट थांबला आणि तुम्ही नाशकात. आमचा वायरमन हे वाचणार कसं? त्याला चित्र कळतं. चित्राचं करा, नायतर राहू द्या. मी दुसरा माणूस बघतो.”

सुनेचा चेहरा उतरला. इथं खरं तर मी गप्प बसायचं. पण चित्र हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात आलं.

“अण्णा, चित्र ना? ते खातं माझ्याकडं,” मी म्हणालो. “हिला काय विचारता, मला विचारा.”

घरी येताना गाडीत सुनेनं लॅपटॉप पिशवीत कोंबला. मग हळू आवाजात म्हणाली, “बाबा, चालू-बंद चित्रात छान दिसतं, मला मान्य आहे. पण वजन आणि मोजणी चित्रात काढायला गेलं ना, की काढतच बसावं लागतं.”

“तुला सवय नाही म्हणून.”

घरी पोचल्यावर मी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, पाठीमागं मोजणीचं चित्र काढायला बसलो. वजन घ्या, हलकं का बघा, हलकं असेल तर बाजूला, नसेल तर मोजा, मोजून झालं तर परत पहिल्यापासून. एका महिन्याचं पान भरलं. दुसरं उलटवलं. पायरीवर पायरी चढत शिडी एवढी उंच झाली की वरच्या टोकाला कावळा बसला असता. दिवाळीच्या पानावर पोचलो तेव्हा पहिली पेटी कुठं ठेवली होती तेच मला आठवेना. सुनेनं तेवढंच काम लिहून दाखवलं. रेशनकार्डावर मावलं असतं.

शेवटी वाटणी झाली. मोजणी आणि वजन तिनं लिहायचं. बेल्ट चालू-बंद करायचं चित्र मी काढायचं, म्हणजे अण्णांच्या वायरमनला दिसेल. चित्र मी कॅलेंडरवर नाही, थेट लॅपटॉपवर काढलं. एका बोटानं बटण उचलायचं, पायरीवर नेऊन सोडायचं. दोनदा मोटर कचऱ्याच्या डब्यात पडली, पण जमलं.

“लाल बटणाचं बघितलंत ना?” सुनेनं विचारलं. “एकदा मी नजर टाकते.”

“तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी लाल बटणं जोडतोय.”

सासऱ्यापुढं काय बोलणार बिचारी.

ट्रायलच्या दिवशी अण्णा होते, त्यांचा वायरमन होता, बेल्टच्या दोन्ही बाजूला कात्र्या घेऊन बसलेल्या बाया होत्या. त्यात सगळ्यात पुढं एक मावशी, डोक्याला रुमाल बांधलेल्या, तोंडात मशेरी. मी शर्टाची घडी नीट केली आणि हिरवं बटण दाबलं.

बेल्ट जागचा हलला नाही.

परत दाबलं. मग बोटानं, मग अंगठ्यानं, मग ‘असं नसतं दाबायचं’ असं स्वतःलाच सांगून तिसऱ्या तऱ्हेनं. पॅनेल उघडलं. फ्यूज बघितला. वायरी ओढून बघितल्या. मोटरला एक चापट मारली. अण्णा मनगटावरचं घड्याळ बघायला लागले.

“हिच्या लिहिण्यातच काहीतरी अडकलंय,” मी अण्णांना म्हणालो. आपल्याच सुनेचं नाव घेतलं, आणि ती तिथं उभी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की एवढी वर्षं करंट खाल्ला, पण असा नाही.

“बाबा,” मावशी म्हणाल्या, “हिरवं ऐकत नाय तर लाल दाबून बघा. आमची म्हैस बी अशीच हाय. चल म्हनलं का बसती.”

बाया हसल्या. मी म्हटलं आता यांना दाखवूनच देतो. लाल दाबून धरलं आणि वर हिरवं दाबलं.

बेल्ट सुरू झाला.

आनंदानं मी दोन्ही हात वर केले. बेल्ट थांबला.

परत लाल दाबून धरलं, हिरवं दाबलं. सुरू. लाल सोडलं, बंद. आता मी एका हातानं लाल बटण धरून उभा, क्रेट सरकतायत, आणि हात काढायची सोय नाही. नाकावर माशी बसली तीही बसू दिली.

“म्हंजे रोज एक माणूस निस्ता बटण धरायला ठेवायचा का?” अण्णा म्हणाले. “ताई, त्यापरीस मी जुनाच बेल्ट चालवतो की.”

सुनेनं लॅपटॉप जोडला. चालू मशीनचं चित्र स्क्रीनवर जिवंत दिसतं. जिथपर्यंत वाट मोकळी, तिथपर्यंत रेघ हिरवी.

“बाबा, हात सोडा,” ती म्हणाली.

सोडला. तिनं अण्णांना जवळ बोलावलं. “बघा, हिरवं कुठं थांबतंय?”

अण्णांनी चष्मा लावला. बोट ठेवलं. “हितं. या तिरक्या रेघेपाशी.”

ती तिरकी रेघ माझी. लाल बटण आम्ही आधीपासून जोडलेलंच ठेवतो, दाबलं की तुटतं. का, तर उद्या उंदरानं वायर कुरतडली तरी मशीन बंदच पडावं. कागदावरच्या चित्रात अशा बटणावर तिरकी रेघ मारायची रीत आहे, म्हणून इथंही मी मोठ्या झोकात मारली. पण डब्याच्या भाषेत तिरकी रेघ म्हणजे, जे येतंय त्याच्या उलट धर. मी जोडलेलं दिलं, त्यानं तुटलेलं धरलं. म्हणून लाल दाबून तोडलं की त्याला वाट जोडलेली दिसायची. जुन्या वायरमनच्या हातनंच होणारी चूक आहे ही. नव्या पोरांना ती करायची अक्कलच नसते.

सुनेनं रेघ पुसली, डब्यात भरलं आणि बाजूला झाली. हिरवं बटण अण्णांनी स्वतः दाबलं. बेल्ट सुटला तो सुटलाच. पेट्या पुढं गेल्या, एक हलकी होती ती बाजूला सरकली, आकडा पुढं सरकला. अण्णांनी मुद्दाम एक पेटी अर्धी रिकामी करून सोडली. तीही बरोबर बाजूला.

“हे मोजणीचं कुठं काढलंय?” अण्णांनी विचारलं.

“ते लिहिलेलंच आहे अण्णा,” सून म्हणाली. “ते चित्रात नाही काढलं. बाबांनी काढून बघितलं, दिवाळीपर्यंत गेलं.”

अण्णांनी चष्मा खिशात ठेवला. वायरमनला विचारलं, “तुला कळंल का रे?” वायरमन म्हणाला, “बटणाचं कळंल. मोजायचं आपल्याला काय करायचं, ते बिघडलं तर ताईंना फोन करू.”

“मग असंच राहू द्या,” अण्णा सुनेला म्हणाले. “चालू-बंद चित्रात, बाकी तुमची पोथी. दुसऱ्या बेल्टचं माप घ्यायला सोमवारी या. ती तिरकी रेघ तेवढी घरी ठिवून या.”

सुनेचा चेहरा खुलला. तिनं लॅपटॉपची वायर गुंडाळली आणि माझ्याकडं बघून हसली. झालं. हसली म्हटल्यावर माझ्या अंगात परत वारं शिरलं. मी बायांकडं वळून जरा मोठ्यानंच म्हणालो, “बघितलं? चित्र होतं म्हणून चूक सापडली. लिहिलेलं असतं तर शोधत बसले असते.”

मावशींनी घड उचलला, कात्रीनं एक सडका मणी काढून टाकला, आणि मान वर न करता म्हणाल्या, “चूक बी चित्रातच व्हती ना? सरका बाजूला, माल येतोय.”