पाण्यातली साखर

अशा गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. बारामतीच्या एका खासगी लॅबमध्ये मी केमिस्ट आहे, मशीन दाखवेल तेवढंच खरं... तरी हे लिहून ठेवतेय.

आम्ही मधातली भेसळ तपासतो. ग्लुकोज, फ्रुक्टोज, गॅलॅक्टोज — तिन्ही साध्या साखरा, रेणूचं वजन अगदी सारखं. म्हणून मास स्पेक्ट्रोमीटर त्यांचे तुकडे करतं आणि कुठला तुकडा किती, यावरून साखर ओळखायची.

त्या दुपारी मधाच्या आधी मी नेहमीसारखं नुसतं शुद्ध पाणी मशीनला लावलं. स्क्रीन कोरी हवी होती. आलं गॅलॅक्टोज! दूध पचताना त्यातून सुटणारी साखर. आमच्याकडे दुधाचं कामच नाही.

"बाटली धुतली नसेल नीट," आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले. नवी बाटली, नवं पाणी — पुन्हा तेच. सरांनी स्वतः लावलं... तेच.

मला बसवेना. बाहेर येऊन आईला फोन लावला, का ते माहीत नाही. धाकटी बहीण रूपाली बाळंतपणाला माहेरी, अंथुर्ण्याला आली होती. बाळ मी अजून पाहिलंही नव्हतं.

"बाळ दूध टिकवंना गं," आई म्हणाली. "पिवळंबी पडलंय. कावीळ हाय, कवळ्या उन्हात धरा म्हनत्यात समदी."

दूध... काही बाळांना गॅलॅक्टोज पचतच नाही, हे कधीतरी शिकले होते.

"आई, आता दूध पाजू नका. आत्ताच्या आत्ता गाडी करून बारामतीला या."

"येडी का खुळी तू? आईचं दूध कधी बाधतं व्हय?"

तेवढ्यात रूपालीनं फोन घेतला. "ताई, उपाशी ठेवू त्याला?"

मी चुकत असले तर? "तू ये फक्त," एवढंच म्हणाले.

आई आणि रूपाली बाळाला घेऊन दवाखान्यात आल्या. मी हट्टानं डॉक्टरांना तपासायला लावलं. लघवीत साखर निघाली, पुढं रक्ताच्या रिपोर्टनंही बाळाला गॅलॅक्टोज पचत नसल्याचं सांगितलं. दूध बंद झालं, सोयाबीनची पावडर सुरू झाली, आणि बाळ हळूहळू हातपाय हलवायला लागलं. उशीर झाला असता तर लिव्हर गेलं असतं म्हणे.

दरम्यान सरांनी तीच बाटली पुन्हा लावली होती. नुसतं पाणी!

"इतका दुर्मिळ आजार तुम्हाला सुचला कसा?" डॉक्टरांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"बाळाचं काही तुमच्या लॅबमध्ये आलं होतं?"

"नाही."

डॉक्टर रूपालीकडे वळून पावडर कशी कालवायची ते पुन्हा समजावू लागले. मी मात्र अजून त्या "नाही"पाशीच अडकलेय.